फ्रिजवरचा कागद आणि तांब्याची जेझवा

जर्मनीत आम्ही ओ-पेअर, म्हणजे घरात राहून मुलं सांभाळायला मदत करणारी परदेशी तरुण मुलगी, कशी ठेवली, हे सगळं ओळखीच्या तीन मराठी बायकांना फोनवर तासतासभर सांगून झालंय. चौथीचा फोन यायच्या आत लिहूनच ठेवते.

आम्ही स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहतो. नवरा जर्मन, मी जळगावची. सप्टेंबर २०२४ मध्ये लेक पहिलीत जाणार होती आणि इथली शाळा दुपारी सुटते. धाकटा दोन वर्षांचा, त्याच्या पाळणाघराचे तास माणसं नाहीत म्हणून कमी केलेले. माझी नोकरी चारपर्यंत. दोन्हीकडच्या आज्या दूर. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका रात्री भांडी लावता लावता नवरा म्हणाला, "ओ-पेअर ठेवू या का?"

माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते मावसबहिणीच्या मुलीचं. बारावीनंतर जर्मन शिकत होती, घरचीच, विश्वासाची. दोन दिवस मी मनातल्या मनात तिची खोलीसुद्धा लावली. मग नियम वाचले. ओ-पेअर यजमानांच्या नात्यातली असता कामा नये. संपला विषय.

बाकीचे नियम असे: मुलगी किंवा मुलगा १८ ते २६ वर्षांचा, मुक्काम सहा महिने ते एक वर्ष. काम दिवसाला सहा आणि आठवड्याला ३० तासांच्या वर नाही. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवडे रजा. स्वतंत्र खोली, जेवण, विमा यजमानांकडून. हातखर्च महिना २८० युरो आणि भाषेच्या वर्गासाठी ७० युरो. हा पगार नव्हे, कारण ती नोकर नव्हे. शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'बरोबरीने'. हा अर्थ मी तेव्हा वाचून पुढे गेले होते.

एका संकेतस्थळावर आमची माहिती टाकली. जानेवारीत तीन मुलींशी व्हिडिओवर बोललो. तिसरी मध्य बोस्नियातल्या त्राव्निकची, वीस वर्षांची. तिचं खरं नाव लिहीत नाही. मुलं तिला 'सेका' म्हणायची, बोस्नियनमध्ये 'ताई'. इथेही तीच सेका.

त्या पहिल्या कॉलमध्ये तिच्या मागून तिची आई डोकावली आणि अस्सल स्वाबियन बोलीत नवऱ्याला म्हणाली, तुमच्याकडे आले तर एक 'केफेले' पिऊ. कॉफीला 'केफेले' म्हणतात ते आमच्या भागात. नवरा खुर्चीतून उठायचाच बाकी होता. ही बाई १९९२ मध्ये दहा वर्षांची असताना युद्धातून पळून स्टुटगार्टच्या परिसरात आली. शाळा इथे, मैत्रिणी इथे. १९९८ मध्ये परत जावं लागलं. त्या काळात तीन लाखांहून जास्त बोस्नियन जर्मनीत आले होते आणि बहुतेकांना मिळालेल्या कागदाचं नाव होतं 'दुल्डुंग', म्हणजे 'खपवून घेणं'. युद्ध संपलं तसं खपवून घेणंही संपलं. आता तिचीच मुलगी, तिनेच शिकवलेल्या जर्मनवर, त्याच भागात येणार होती, पण या वेळी करार करून.

आता कागद. बोस्नियाच्या पासपोर्टवर ९० दिवस व्हिसाशिवाय युरोपात फिरता येतं, त्यामुळे "येऊ दे तशीच, इथे आल्यावर करू" असं सांगणारे भेटतात. ऐकू नका. ओ-पेअरसाठी राष्ट्रीय व्हिसा निघायच्या आधीच हातात लागतो. आमच्याकडून लागलं ते: सही केलेला करार, निमंत्रणपत्र, कुटुंबाची प्रश्नावली, पासपोर्टच्या प्रती. तिच्याकडून: ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं जर्मनचं प्रमाणपत्र, आयुष्याचा गोषवारा, आपल्याला का यायचंय याचं पत्र. व्हिसा फी ७५ युरो, ती आम्ही भरली. करारात तसं नव्हतं, पण वीस वर्षांच्या मुलीने का भरावी?

फेब्रुवारीत अर्ज केला, मुलाखतीची तारीख मेच्या मध्याची मिळाली. मध्ये एक घोटाळा माझाच. कराराच्या दुसऱ्या पानावर सही करायला विसरले आणि तिला नुसती स्कॅन प्रत पाठवली. मूळ कागद हवा होता. कुरियर त्राव्निकला पोहोचून खात्री होईपर्यंत तीन आठवडे मी रोज तो क्रमांक तपासत होते. तर प्रत्येक पानावर सही करा, मूळ कागद दोन संच करून पाठवा. मुलाखतीत तिला भावंडं किती, मुलांबरोबर काय खेळशील, असं साधंच विचारलं. जूनच्या शेवटी व्हिसा आला.

४ ऑगस्ट २०२४, रविवार. सोळा-सतरा तासांचा बसप्रवास करून ती स्टुटगार्टला उतरली. एक बॅग कपड्यांची, एक आमच्यासाठीची. त्यात व्लाशिच डोंगरावरचं मेंढीच्या दुधाचं चीज नव्हतं, याचं तिला इतकं वाईट वाटत होतं की दारातच माफी मागितली. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणता येत नाहीत, हे तिच्या घरच्यांना शेवटच्या दिवशी कळलं होतं. होतं ते असं: दळलेली कॉफी, रहात-लोकुम नावाची गुलाबी मिठाई, आजीने विणलेले लोकरी मोजे चार जोड आणि सारायेव्होच्या कझांजिलुक गल्लीतून, तांबटांच्या आळीतून आणलेली तांब्याची जेझवा. लांब दांड्याचं, खाली रुंद आणि वर निमुळतं होणारं भांडं.

घरात शिरताना तिने बूट काढले आणि बावरून इकडे तिकडे बघितलं. तिच्याकडे पाहुण्यासाठी दारातच सपाता ठेवतात. आमच्याकडे बूट काढायची पद्धत होती, सपाता नव्हत्या. दुसऱ्या दिवशी आणल्या, सगळ्या मापांच्या.

पहिले पंधरा दिवस कचेऱ्यांचे. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं, ते आधीच मागून ठेवा, आमचे घरमालक नेमके सुट्टीवर होते. विमा पहिल्या दिवसापासून, आम्हाला महिना ४० युरोंच्या आसपास पडला. परदेशी नागरिकांच्या कचेरीत निवास परवान्याचे १०० युरो, कार्ड सहा आठवड्यांनी. शिवाय देशभर चालणारा रेल्वे-बसचा पास, २०२४ मध्ये ४९ युरो, २०२५ मध्ये ५८. हातखर्च, वर्ग, विमा, पास मिळून महिना साडेचारशेच्या घरात जातात. जेवण आणि वीज वेगळी. "स्वस्तात मदतनीस" असं कुणी म्हणालं तर हा हिशेब दाखवा.

आणि कॉफी. पहिल्या सोमवारी मी सवयीने ओट्याशी उभं राहून मशीनची कॉफी घोटत होते, एका हाताने डबा भरत. तिने बघितलं, काही बोलली नाही. चार दिवसांनी मुलं झोपल्यावर विचारलं, "मी करू का?" कोरड्या जेझवेत कॉफी घालून ती नुसती गरम केली, खमंग वास सुटला तशी वरून उकळतं पाणी ओतलं, थोडं पाणी मागे ठेवलं. फेस वर आला, उतरवली, मागचं पाणी घातलं. फिंजान म्हणजे बिनकानाची वाटी. साखरेचा खडा कॉफीत टेकवायचा, दातांनी तोडायचा आणि मग घोट. मी वाटी उचलून ओट्याकडे निघाले तर ती म्हणाली, "नाही. बसून."

तिच्याकडे कॉफीची तीन नावं आहेत. पाहुणा आल्यावरची 'दोचेकुशा', स्वागताची. मग 'राझगोवोरुशा', गप्पांची. आणि शेवटी 'सिक्तेरुशा', म्हणजे निघा आता. मला हे भयंकर आवडलं. आपल्याकडे पाहुण्याला घालवायचा चहा नाही, घड्याळाकडे बघून जांभया देणं एवढंच आहे. मीही तिला सांगितलं, की आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. तिने ते वहीत लिहून घेतलं.

आता जे सांगायला मला जड जातं ते.

ऑक्टोबरपर्यंत ती घरात इतकी मिसळली की मी तिला सगळ्यांसमोर 'घरच्यासारखी' म्हणायला लागले. घरचीच, म्हणून मग शनिवारी सकाळी "जरा धाकट्याकडे बघतेस?" घरचीच, म्हणून आमच्या जेवणानंतरची भांडी. आम्ही दोघं संध्याकाळी बाहेर गेलो तर मुलं झोपलेलीच असतात, ते कसलं काम? ते तासही कामातच मोजायचे असतात. ती कधी नाही म्हणाली नाही. फक्त संध्याकाळची कॉफी बंद झाली. मला वाटलं, परीक्षा जवळ आली असेल.

तिच्या आईचा फोन आला. आवाज गोड, बोली तीच. म्हणाली, आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला मुली नाही म्हणत नाहीत, तुमच्याकडेही नसतील म्हणत. बस, एवढंच. त्या रात्री मी आठवड्याचे तास मांडले: ४१. लाजेने कान तापले. जळगावला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही आई 'घरच्यासारखी' म्हणायची, आणि त्या सणाच्या दिवशी रात्री नऊला घरी जायच्या.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने आठवड्याचा तक्ता करून फ्रिजवर लावला. वार, तास, सही. वाढीव तास पुढच्या दोन आठवड्यांत सुट्टी म्हणून फेडले. घरात तक्ता लावणं मला फार जर्मन वाटायचं, परकं वाटायचं. पण तक्ता लागल्यावर चौथ्या दिवशी जेझवा पुन्हा शेगडीवर आली. पहिल्या दिवसापासून लावा. आणि 'घरच्यासारखी' हा शब्द जपून वापरा.

मग हिवाळा आणि 'प्रोमाया'. दोन खिडक्या समोरासमोर उघड्या राहून जो वारा वाहतो तो प्रोमाया, आणि बोस्नियात मान आखडण्यापासून तापापर्यंत सगळ्याचं मूळ तोच. इकडे माझा नवरा सच्चा जर्मन, जानेवारीत दिवसातून तीनदा घरभर खिडक्या सताड उघडणारा. तो उघडायचा, ती बंद करायची. फेब्रुवारीत माझी आई आली आणि पारडं फिरलं. आईने पहिल्याच सकाळी कानटोपी घालून खिडकी लावली. सेका आणि आई, एकमेकींचा एक शब्द न कळणाऱ्या, त्या दिवसापासून एका पक्षात.

एक गंमत. बोस्नियनमध्ये आजीला 'नाना' म्हणतात. सेका फोनवर "नाना, नाना" म्हणायला लागली की आई विचारायची, "कोण गं हे नाना? वडील का?" आमच्या खानदेशात नाना म्हणजे मिशीवालेच.

शब्दांचा खेळ आमच्यात तेव्हापासून सुरू झाला. बादेम म्हणजे बदाम, सान्दुक म्हणजे संदूक, बाश्चा म्हणजे बगीचा. फारसीतले शब्द तुर्कांबरोबर तिकडे गेले, सुलतानांबरोबर आपल्याकडे आले. सारायेव्होच्या एका वर्तमानपत्राचं नाव 'द्नेव्नी आवाझ', अर्थ सरळ 'दैनिक आवाज'. त्याहून जुनं नातं घरातल्या शब्दांत निघालं: सून म्हणजे 'स्नाहा', संस्कृतातली स्नुषाच. दीर म्हणजे 'द्येवेर'. वडिलांचा भाऊ 'आमिजा', आईचा भाऊ 'दाइजा'. जर्मनमध्ये दोघांना एकच शब्द, म्हणून माझ्या लेकीला काका-मामा समजावताना मी थकले होते. सेकाने दोन मिनिटांत समजावलं. लिपीही उच्चाराप्रमाणे. आपण 'चार' आणि 'चाक' एकाच च ने भागवतो, त्यांच्याकडे त्या जागी तीन अक्षरं आहेत. त्यातली दोन मला अजून सारखीच ऐकू येतात.

जेवणात एक सूचना: पापुद्र्यात सारण भरून भाजतात, त्यातली 'बुरेक' म्हणजे फक्त मांसाची. बटाट्याची ती 'क्रोम्पिरुशा', पालकाची 'झेल्यानित्सा', चीजची 'सिर्नित्सा', आणि सगळ्यांचं आडनाव 'पिता'. मी एकदा "बटाट्याची बुरेक छान झालीय" म्हणाले आणि तिने काटा खाली ठेवला. पुरणपोळीला कुणी गोड पराठा म्हणालं की आपल्याला जे होतं, तेच ते. मी गोमांस खात नाही, ती डुकराचं खात नाही, नवरा दोन्ही खातो. कढया तीन झाल्या. मुलांच्या जेलीच्या गोळ्यांत डुकराचं जिलेटिन असतं हे आम्हाला तिच्यामुळे कळलं.

पिताचा पापुद्रा, 'युफका', करायचा तर जेवणाच्या टेबलावर चादर पसरायची. तिचा शब्द 'चारशाफ', मूळ आपल्या चादरीचंच. पीठ मळून, तेल लावून, विसावू द्यायचं, मग हातांच्या पाठींवर ताणत टेबलाच्या चारी कडांपर्यंत न्यायचं. खालून वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे, असं तिची आजी म्हणते. आई बाजूला उभी राहून बघत होती. "हाई काय शे?" म्हणाली, आणि बाह्या सावरल्या. तिने आयुष्यभर खापरावरचे मांडे केलेत, दोन्ही हातांवर झेलत झेलत पदर मोठा करायचा. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना, मधे वाढत जाणारी युफका, आणि एकही शब्द नाही. एका कोपऱ्यात फाटली, तेव्हा दोघींनी एकाच वेळी च्च केलं. दुसऱ्या दिवशी कढई उलटी घालून आईने तिला मांडा शिकवला. तो नीट जमला नाही. पण कुठलाच मांडा पहिल्यांदा जमत नाही.

१ मार्चपासून रमजान. त्या महिन्याचा तक्ता आम्ही बदलला, दुपारचं काम कमी, सकाळचं जास्त. कॅलेंडर बघताना लक्षात आलं की रविवार ३० मार्च २०२५ ला तिचा बायराम म्हणजे ईद, आमचा पाडवा, आणि त्याच पहाटे घड्याळं तासभर पुढे जाणार.

गुढीला माझ्याकडे तांब्याचा गडू नव्हता, दरवर्षी स्टीलचा पेला लावायचे आणि आईला फोटो पाठवताना तेवढा कापायचे. सेका म्हणाली, "जेझवा घे." पण बायरामची सकाळ कॉफीशिवाय होत नाही. मग आधी कॉफी, त्राव्निकला व्हिडिओवर "बायराम शेरिफ मुबारेक ओल्सुन", मुलांना तिच्याकडून पाच-पाच युरोंची बायरामची ओवाळणी, मग जेझवा घासूनपुसून, स्वस्तिक काढून काठीवर उलटी. दांडा एका बाजूला बाहेर. बाल्कनीखालून जाणारे शेजारी थांबून बघत होते. ताटात श्रीखंड-पुरी आणि तिच्या हुर्माशित्सा, पाकात बुडवलेल्या लांबट वड्या. नाव 'हुर्मा'वरून, म्हणजे खजूर, आपल्या शीरखुर्म्यातला खुर्मा तोच. खजूर मात्र त्यात नसतो, फक्त आकार तसा.

संध्याकाळी तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी बायरामसाठी आल्या आणि कॉफीची वेळ झाली. गुढी सूर्यास्ताआधी उतरवायची नाही यावर आई ठाम. घड्याळ पुढे गेल्यामुळे सूर्यास्त पावणेआठच्याही पुढे. पाचजणी बाल्कनीत काठीकडे बघत बसलो.

सगळे दिवस असे नव्हते. मे महिन्यात तिला घराची फार आठवण आली, आठवडाभर ती खोलीत इस्त्री करत सेवदालिंका गुणगुणत होती. ती संथ जुनी गाणी आहेत, प्रेमाची आणि विरहाची. आम्ही काही करू शकलो नाही, आणि करायला जायचंही नसतं बहुतेक.

११ जुलैला ती सकाळी खाली आली तेव्हा तिच्या शर्टावर पांढरं विणलेलं फूल होतं, मध्ये हिरवा ठिपका. लेकीने विचारलं कसलं फूल. "स्रेब्रेनित्साचं. पाकळ्या अकरा, कारण तारीख अकरा." जुलै १९९५ मध्ये तिथे आठ हजारांवर बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले गेले, त्याला तीस वर्षं झाली होती. लेकीला तिने एवढंच सांगितलं, की खूप लोक मेले आणि त्यांना विसरायचं नाही. त्या दिवशी फ्रिजवरच्या तक्त्यात तिच्या नावापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. ती खोलीत तिथल्या पोतोचारी स्मारकावरचं थेट प्रक्षेपण बघत बसली. दुपारी मी जेझवेत कॉफी केली, फेस नीट आला नाही, तशीच वर नेली. तिच्या शेजारी बसून ऐकलं, समजलं नाही. मी तिला काही विचारलंही नाही. वर्षभर मी बोस्नियाबद्दल बरंच विचारलं होतं, हे मात्र कधीच नाही.

निघतानाचे कागद: पत्त्याची नोंद रद्द करणं, विमा आणि पास बंद करणं (पासला मुदतीची पूर्वसूचना लागते, विसरू नका), बँक खातं, आणि तिच्यासाठी प्रशस्तिपत्र. तोवर तिने जर्मनची बी-१ ही मधल्या पातळीची परीक्षा दिली होती.

३१ जुलैला, लेकीच्या शाळेला सुट्टी लागली त्याच दिवशी, आम्ही तिला सोडायला गाडीने निघालो. हजारेक किलोमीटर, वाटेत स्लोव्हेनियात मुक्काम. बोस्नियाच्या हद्दीत शिरताना मोबाइलचा डेटा बंद करा, युरोपीय संघातलं रोमिंग तिथे लागू नाही. चलन 'कन्व्हर्टिबल मार्क', एका युरोला १.९५५८३, ठरलेला. जर्मन मार्कला जोडून ठेवलं होतं. जर्मनीत मार्क इतिहासजमा झाला, इथे त्याचं नाव अजून पाकिटात आहे. नवऱ्याने एक नोट जपून ठेवलीय.

त्राव्निकमध्ये किल्ला बघितला, खाली बाजार आणि वर नमाजाची जागा असलेली रंगीत मशीद बघितली, प्लावा वोदाच्या बर्फगार झऱ्यात मुलांनी पाय बुडवले आणि सेकाच्या आजीने लगेच मोजे चढवले. दारात सपातांची रांग होती. धाकट्याच्या मापाचीही. "बुय्रुम, बुय्रुम", या, बसा, घ्या. ताटात पडत राहिलं. नको म्हणायला मी हाताने ताट झाकलं, तर आजीने हात उचलून वाढलं. जळगाव आठवलं.

रविवारी दुपारी तीनला निघायचं ठरलं होतं. दोचेकुशा सकाळीच झाली, मग राझगोवोरुशा, मग आणखी एक राझगोवोरुशा. साडेचार वाजले तरी सिक्तेरुशा येईना. शेवटी मीच उठले, पदर नव्हता तरी खांद्यावरची ओढणी सावरली, आजीला वाकून नमस्कार केला आणि तोंडातून सवयीने निघालं, "येतो आम्ही."

सेका गाडीत डबे ठेवायला गेली होती. लेकीने वर्षभरात जमवलेल्या बोस्नियनमध्ये फार अभिमानाने भाषांतर केलं: "दोलाझिमो." आम्ही येतोय.

आजीचा चेहरा उजळला. तिने जेझवा परत शेगडीवर ठेवली.